गोदाक्काची सहा बदकं

डोंगर उतरून जिथे तळ्याला मिळतो, तिथे फार वर्षांपूर्वी एक गाव होतं, आणि त्या गावात गोदाक्का नावाची एक बाई राहत होती. तिच्या घरात ती, तिचा मुलगा आणि वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली सून वेणू, अशी तीन माणसं होती. परसात चौदा कोंबड्या आणि एक कोंबडा होता.

गोदाक्का साऱ्या गावाला माहीत होती ती तिच्या वाटपासाठी. लग्नकार्यात पंगत बसली की वाढायला तिलाच बोलवत. पाटलाच्या पानात जेवढं पडे तेवढंच गुराख्याच्या पानात पडे. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. लोक म्हणत, "गोदाक्काच्या हाताला दुजाभाव ठाऊक नाही." हे वाक्य तिच्या कानावर पडलं की ती पदर सावरून दुसरीकडे बघायची, पण तिला ते फार आवडायचं.

तिच्या शेजारी हिरामण भोई नावाचा म्हातारा राहत होता. जन्मभर त्याने तळ्यात नाव चालवली होती. आता त्याच्या हातांत वल्हं धरण्याचं बळ उरलं नव्हतं, म्हणून तो तळ्यापलीकडे लेकीकडे राहायला निघाला. त्याच्याकडे सहा बदकं होती, पाच माद्या आणि एक नर. लेकीचं घर लहान होतं. तो बदकं घेऊन गोदाक्काच्या दारात आला.

"अक्का, ही तुमच्याकडे ठेवून जातो. विकायला मन होत नाही."

"आणा की," गोदाक्का म्हणाली. "माझ्या कोंबड्यांत सहा आणखी."

"एवढं सांगतो अक्का, यांचं पाण्याचं जरा…"

"हिरामणभाऊ, काळजी करू नका," ती त्याला मध्येच थांबवत म्हणाली. "माझ्या परसात कुणाला वेगळी वागणूक नाही. कोंबड्यांना जे मिळतं ते सगळं यांनाही मिळेल."

हिरामणने बदकांकडे एकदा पाहिलं आणि तो नावेकडे निघून गेला.

गोदाक्काने बोलल्याप्रमाणे केलं. कोंबड्यांचं खुराडं चार खांबांवर उभं होतं. आत चढायला लाकडी शिडी होती, तळाला पेंढा पसरलेला होता. बदकांना शिडी चढता येईना. म्हणून रोज संध्याकाळी ती एकेका बदकाला उचलून आत ठेवू लागली. कोंबड्यांना पाणी प्यायला मातीची उथळ परळ होती, बदकांनाही तीच. कोंबड्यांना सकाळी दाणे टाकत. बदकांनाही त्याच वेळी, त्याच जागी. आणि कोंबड्या तळ्यावर जात नसत, तेव्हा बदकंही जायची नाहीत, असं तिने ठरवलं. कुंपणाचं फाटक तिने दोरीने बांधून टाकलं.

बदकं दिवसातून कितीतरी वेळा त्या फाटकाशी जाऊन उभी राहायची.

"रुळतील हळूहळू," गोदाक्का म्हणायची.

स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून वेणू हे पाहायची. ती समुद्राकाठच्या गावातली होती. काही बोलण्यासाठी तिने एकदोनदा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं, पण सासू बदकांशी बोलण्यात दंग होती. वेणू परत चुलीपाशी गेली.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. बायका पाणी भरून जाताना कुंपणापाशी थांबू लागल्या. "बघा तरी, कोंबड्या आणि बदकं एकाच परळीत पाणी पितात!" कुणी मुलांना दाखवायला घेऊन आलं. देवळातल्या कीर्तनकारांनीही एका संध्याकाळी गोदाक्काच्या परसाचं उदाहरण दिलं. त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं.

पण परसात जे चाललं होतं ते कुंपणाबाहेरून दिसत नव्हतं.

बदकांना दाणा खाताना पाणी लागतं. ती चोचभर दाणे घेऊन परळीकडे धावायची आणि पाण्यात चोच घुसळायची. घटकाभरात पाण्याचा चिखल व्हायचा. कोंबड्या तिथे यायच्या, मान वाकडी करून बघायच्या आणि तहानलेल्याच परत जायच्या. खुराड्यातला पेंढा बदकांच्या पायांनी आणि विष्ठेने ओला राहू लागला. त्याला कुबट वास येऊ लागला. कोंबड्या वर काठीवर बसत, पण दमट हवा वरपर्यंत यायची. आधी त्यांचं अंडी घालणं कमी झालं. मग एक कोंबडी शिंकू लागली. मग तीन.

बदकांचं वेगळंच. बदकाला सगळं डोकं बुडेल एवढं पाणी लागतं. त्यातच ते डोळे आणि नाक धुतं. उथळ परळीत त्यांची फक्त चोच भिजायची. महिन्याभरात त्यांच्या डोळ्यांभोवती पिवळट खपली धरली. नराचा एक डोळा तर पूर्ण मिटला.

पहिली कोंबडी मेली तेव्हा गोदाक्का म्हणाली, "म्हातारी झाली होती." मग दुसरी मेली. कुंपणाच्या मागे खड्डा करून तिने ती पुरली आणि हात धुऊन घरात आली.

याच सुमाराला डोंगरापलीकडच्या गावच्या पाटलाचा निरोप आला. त्याच्या गावात दोन आळ्यांचं आपसात पटत नव्हतं. त्याने गोदाक्काच्या परसाची कीर्ती ऐकली होती. दोन्ही आळ्यांतल्या माणसांना घेऊन तो बाजाराच्या दिवशी सकाळी येणार होता. जिवांनी एकत्र कसं राहावं ते त्याला त्यांना दाखवायचं होतं.

बाजाराचा दिवस उजाडला. गोदाक्का खुराड्यापाशी गेली. पाच कोंबड्या पिसं फुलवून, मान आत ओढून कोपऱ्यात बसल्या होत्या. हात लावला तरी हलत नव्हत्या.

मग तिने ओल्या पेंढ्यावर कोरडा पेंढा पसरला, परळीत ताजं पाणी भरलं आणि अंगण झाडून सडा घातला. बदकांचे डोळे ओल्या फडक्याने पुसले. आणि त्या पाच कोंबड्या उचलून तिने परसाच्या टोकाला एका मोठ्या डालग्याखाली झाकून ठेवल्या.

मंडळी आली. पंचवीसतीस माणसं होती, गोदाक्काच्या गावचीही बरीच जमली. गोदाक्काने मूठभर दाणे टाकले. कोंबड्या आणि बदकं एकत्र येऊन टिपू लागली. माणसं खूष झाली.

"पाहिलंत?" पाहुणा पाटील आपल्या लोकांना म्हणाला. "एक अंगण, एक दाणा, एक पाणी. उद्यापासून आपल्या गावातही असंच. दोन्ही आळ्यांना एकच नियम. कुणी कुरकुर करायची नाही."

एका आळीतल्या कुंभाराने काही बोलण्यासाठी हात वर केला होता. त्याने तो खाली घेतला.

गोदाक्काने ते पाहिलं. तेवढ्यात डालग्याखालून शिंक ऐकू आली.

"त्यात काय आहे हो?" पाहुण्या मंडळींतल्या एका आजीने विचारलं.

"खुडूक कोंबडी असेल," गावातल्या कुणीतरी परस्पर सांगून टाकलं. आजीने मान हलवली. लोक निघायच्या तयारीला लागले. गोदाक्काला काहीच करावं लागणार नव्हतं. नुसतं गप्प राहिलं असतं तरी पुरे होतं.

ती परसाच्या टोकाला गेली आणि तिने डालगं उचललं.

चार कोंबड्या तशाच बसल्या होत्या, मान आत ओढून. पाचवी आडवी पडली होती आणि चोच उघडून श्वास घेत होती.

"खुडूक नाहीत," गोदाक्का म्हणाली. "आजारी आहेत. दोन याआधी मेल्या, त्या मी कुंपणामागे पुरल्या. बदकांचे डोळे मी आज सकाळी पुसले, म्हणून तुम्हाला बरे दिसले. पाटील, इथून काही शिकून जाऊ नका. माझं काहीतरी चुकलंय, आणि काय ते मला कळत नाही."

मागे कुणीतरी हसलं, पण लगेच थांबलं.

मग गोदाक्काने आयुष्यात प्रथमच साऱ्या लोकांसमोर विचारलं, "तुमच्यापैकी कुणाला कळतंय का?"

"दृष्ट लागली," एक जण म्हणाला. "बदकं विकून टाका," दुसरा म्हणाला. "आधीच सांगणार होतो," तिसरा म्हणाला.

"मला माहीत आहे," मागच्या दारातून आवाज आला. वेणू उंबऱ्यात उभी होती. "माझ्या माहेरी बदकं होती. कोंबड्याही होत्या."

गोदाक्का तिच्याकडे बघत राहिली. "मग तू इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत, आत्याबाई."

ती हे रागाने म्हणाली नाही. जसं होतं तसं तिने सांगितलं.

वेणूने घरातलं मोठं घंगाळ उचललं आणि परसाच्या उताराकडच्या बाजूला, केळीपाशी नेऊन ठेवलं. तिने आणि तिच्या नवऱ्याने चार घागरी त्यात ओतल्या. एक डोळा मिटलेला नर आधी आला. त्याने मान उंच करून पाणी पाहिलं आणि डोकं मानेपर्यंत बुडवलं. वर काढलं, झटकलं, पुन्हा बुडवलं. असं त्याने कितीतरी वेळा केलं. बाकीची पाच धावत आली. घंगाळाभोवतीची माती चिखल झाली, पण तो चिखल केळीच्या मुळाशी जात होता आणि कोंबड्या तिथून लांब होत्या.

मग वेणूने कुंपणाच्या फाटकाची दोरी सोडली. बदकं एकामागोमाग एक बाहेर पडली आणि तळ्याच्या दिशेने चालू लागली.

"परत येतील का?" गोदाक्काने विचारलं.

"दिवस कलला की मी हाक मारीन. दाणे दिसले की येतात."

पाहुणे मंडळी अजून उभीच होती. पाहुण्या पाटलाने टोपी काढून डोकं खाजवलं. मग तो कुंभाराकडे वळला. "तू मघाशी काहीतरी म्हणणार होतास."

"हो," कुंभार म्हणाला. "पण उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही."

"मग वाटेत सांग," पाटील म्हणाला. ते निघाले तेव्हा दोघं बरोबर चालत होते.

त्या दिवशी खुराड्यातला सगळा पेंढा बाहेर काढून जाळला. तळाला राख पसरली, वर कोरडा पेंढा घातला. बदकांसाठी वेणूने जमिनीलगत, करंजाच्या सावलीत कुडाचा बुटका निवारा करून घेतला. कोंबड्यांची परळ वर, चौथऱ्यावर गेली. तिथे बदकांना चढता येत नव्हतं. दाणेही दोन जागी टाकायचे असं ठरलं.

आडवी पडलेली कोंबडी दुपारीच मेली. दुसऱ्या दिवशी आणखी एक गेली. उरलेल्या तीन हळूहळू सावरल्या. त्यांतल्या एकीचा आवाज मात्र कायमचा घोगरा झाला. नराचा डोळा उघडायला पंधरा दिवस लागले. दिवसभर कोंबड्या आणि बदकं परसात एकमेकांच्या आजूबाजूला फिरायची, आणि संध्याकाळ झाली की कोंबड्या शिडीने वर जायच्या, बदकं खाली आपल्या निवाऱ्यात शिरायची. बघायला आता कुणी थांबत नसे. त्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

एके दिवशी दुपारी गोदाक्का भाकऱ्या वाढत होती. मुलाला दोन, सुनेला दोन, स्वतःला दोन, असंच ती वर्षभर वाढत आली होती. दुसरी भाकरी वेणूच्या ताटात टाकताना तिचा हात थांबला.

"वेणू, तुला एवढी जाते का गं?"

वेणूने नवऱ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे.

"नाही, आत्याबाई. एकच जाते."

"मग दुसरीचं काय करतेस?"

"गाईला घालते."

"रोज?"

"रोज."

गोदाक्का भाकरी हातात घेऊन बसली होती. "आणि तुला काय हवं असतं?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला वेणूला वेळ लागला. सासू थांबली.

"भात," वेणू म्हणाली. "थोडासा. माहेरी आम्ही दोन्ही वेळा भातच खात होतो. इथे आल्यापासून सणालाच खाल्लाय."

गोदाक्का उठली. तिने फडताळातून तांदळाचं मडकं काढलं, मूठभर तांदूळ धुतले आणि चुलीवर ठेवले. मुलगा म्हणाला, "आई, अगं आता? जेवण थंड होतंय."

"तू जेव," गोदाक्का म्हणाली. "आम्ही थांबतो."

भात शिजेपर्यंत सासू आणि सून चुलीपाशी बसून राहिल्या.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: सगळ्यांना सारखं वाढलं म्हणजे न्याय झाला असं होत नाही. ज्याची नजर स्वतःच्या चांगुलपणावर असते, त्याला समोरच्याची गरज दिसत नाही. ती दिसत नसेल तर विचारावी, आणि उत्तर येईपर्यंत थांबावं.