न झडणाऱ्या फुलांची कहाणी

ऐका कौलाई, तुमची कहाणी. डोंगराच्या कुशीत एक नगर होतं. तिथं मैना आपल्या सासूजवळ राहत होती. नवरा केसो बैल घेऊन दूरदेशी व्यापाराला गेलेला. मैनेच्या बोटांत भारी कला. चिंध्यांचे गुलाब करी, रेशमाची शेवंती करी, मेणाचा मोगरा करी. दार सजवलं, ओसरी सजवली, मग देव्हारा सजवला. कौलाईच्या माथ्यावर एकेक फूल दोऱ्यानं घट्ट टाचलं. "आता सुकायला नको, झडायला नको!" शेजारणी बघतच राहिल्या, मैना फुलून गेली. परसातल्या झाडांना पाणी घालायचं मात्र राहिलं. खोट्या फुलांची हौस असली की खऱ्यांकडे कोण बघतंय!

पुढं काय झालं? दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली, केसो येईना. मग सासूनं देवीला कौल लावला. "आई, माझा लेक सुखरूप असेल तर उजवीकडचं फूल पाड." फूल पडेना. दुसऱ्यांदा विनवलं, पडेना. तिसऱ्यांदा पदर पसरला, पडेना. "माझा केसो गेला गं," म्हणून म्हातारीनं अन्न सोडलं. मैना पेज घेऊन बसे, सासू तोंड फिरवी. आता ही माउली हातची जाते, असं झालं.

मग दारी एक जोगवा मागणारी आली. देव्हाऱ्याकडे बघून हसली. "अगं वेडे, देवी बोलेल कशी? तिच्या तोंडाला तूच टाके घातलेस की!"

"मग काय करू, आजी?"

"दारं सजव, भिंती सजव, हौस कर. देवीच्या माथी मात्र रोज एक झडणारं फूल नुसतं ठेव. हा वसा घे, टाकू नको."

मैना परसात धावली. मोगरा वाळलेला, जास्वंद वाळलेली, शेवंती वाळलेली. उकिरड्यावर भोपळ्याचा वेल तेवढा हिरवा. तिला रडूच फुटलं. तेच पिवळं फूल खुडलं, देवीचे टाके उसवले, फूल माथी ठेवलं. सासूला धरून आणलं. "विचारा, आत्याबाई." सासूचे ओठ हलले न हलले, तोच फूल उजवीकडे ओघळलं.

सासूनं सुनेला पोटाशी धरलं. "भोपळ्याच्या फुलावरसुद्धा बोलली गं माझी आई! आण ती पेज."

मग फाल्गुनात केसो घरी आला, तेव्हा त्याला ओवाळायला त्याची आई होती.

जशी कौलाई त्या माउलीशी बोलली, तशी तुमच्याआमच्याशी बोलो. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत ओवली, ऐकणारीच्या ओटीत फळासकट घातली.