ठकूआत्या जिवंत आहे

एका गावात एक भोळा गडी होता, त्याचं नाव गोमा. एकदा सांगितलेलं तो जन्मात विसरायचा नाही. गावाला त्याचाच ताप होता.

गोमाला एक आत्या होती, ठकूआत्या. तिला गोमाशिवाय मागे-पुढे कुणी नाही, म्हणून सरकारची पेन्शन होती, आणि त्या पेन्शनीवर दोघांची चूल पेटायची. पण दरवर्षी कचेरीत जाऊन आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागायचं. यंदा नेमके तिचे गुडघे धरले.

"गोमा, आरं तूच जा. भाऊसाहेबाला म्हणावं, आत्या जित्ती हाय."

गोमा गेला. म्हणाला, "आत्या जित्ती हाय."

फडतरे भाऊसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "नुसतं तोंडानं सांगून काय होतं? समोर आणून दाखवावं लागतं. सोमवारपर्यंत आणा, नाहीतर पेन्शन बंद!"

गोमानं ते मनात पक्कं धरलं.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या शेवंताताईंनी त्याला हाक मारली. "गोमा, छपराला मधमाश्यांचं पोळं लागलंय. लेकरं भितात. सरपंचांना सांगून ये."

नुसतं सांगून काय होतं? गोमानं पोळं काठीवर काढलं आणि नेऊन सरपंचांच्या पुढ्यात ठेवलं. सरपंचांचं तोंड भोपळ्याएवढं झालं.

"आरं गाढवा! आणायचंच होतं तर धोतरात घट्ट गुंडाळून आणायचं. फट म्हणून ठेवायची नाही!"

गोमा म्हणाला, बरं.

मग अंगणवाडीत वजनाचा दिवस आला. ताई म्हणाल्या, "कमळीचं बाळ तेवढं राहिलंय. जा, घेऊन ये."

गोमानं बाळ धोतरात घट्ट गुंडाळलं. आतून बाळानं असा सूर लावला की सगळी आळी त्याच्यामागं धावली. ताईंनी धोतर सोडलं, बाळाला छातीशी धरलं आणि त्या कडाडल्या, "असं आणतात होय रे? आडवं न्यावं, हिसका बसू देऊ नये. डुलवत डुलवत आणलं की गाढ झोप लागते!"

गोमा म्हणाला, बरं.

सोमवार उजाडला. गोमानं बांबूची शिडी आणली, चार गडी आणले. आत्याला आडवं केलं, पांढऱ्या धोतरात गुंडाळलं, फट ठेवली नाही. ऊन लागत नाही म्हणून आत्या खूश. चौघांनी शिडी खांद्यावर घेतली, डुलवत डुलवत निघाले, आणि आत्याचा डोळा लागला.

बाजारात लोकांनी टोप्या काढल्या. माळणीनं पैसे न घेता हार घातला. आपल्या आत्याला एवढा मान! गोमाचा ऊर भरून आला.

कचेरीत भाऊसाहेब हात जोडून उभे राहिले. "फार वाईट झालं."

"वाईट कसलं? एक हिसका बसू दिला न्हाई."

भाऊसाहेबांनी उसासा टाकला, लेखणी उचलली. "नाव कमी करतो. पेन्शन आजपासून बंद."

पेन्शन बंद म्हटल्याबरोबर आत्याची झोप उडाली. हारासकट ती ताडकन उठून बसली. "कुणाची पेन्शन बंद करतोस रे, मुडद्या?"

कचेरी क्षणात रिकामी झाली. भाऊसाहेब जागच्या जागी आडवे. आतून मोठे साहेब आले, त्यांनी आत्याच्या शिव्या ऐकल्या आणि लगेच शिक्का मारला. म्हणाले, "इतकं जिवंत माणूस मी आजवर पाहिलं नाही." मग भाऊसाहेबांकडं बोट दाखवून ओरडले, "अरे, यांना कुणीतरी दवाखान्यात न्या!"

गोमाला आता सगळं येत होतं. धोतर होतंच, शिडी होतीच. भाऊसाहेब त्याच बाजारातून डुलत डुलत निघाले. लोकांनी पुन्हा टोप्या काढल्या.

दवाखान्यात भाऊसाहेब शुद्धीवर आले. पण त्याआधीच बाजारातली बातमी जिल्ह्याला पोचली होती. पहिल्या तारखेला पगार थांबला. बिचाऱ्यांनी फोन केला, "अहो, मी जिवंत आहे!"

पलीकडून उत्तर आलं, "नुसतं तोंडानं सांगून काय होतं? समोर येऊन दाखवा."

हे गोमाच्या कानावर गेलं, आणि त्याला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेबांनी दार उघडलं, तर अंगणात चार गडी, धुतलेलं धोतर आणि शिडी.

गोमा मायेनं म्हणाला, "भाऊसाहेब, पडा आडवे."