दुसरा विस्तव

एका राज्यात दुसऱ्या विस्तवाला बंदी होती. राजा चंडकेतूला महिन्यात हजार तलवारी हव्या होत्या. लोहार म्हणाले, "महाराज, तापलेले पोलाद पाण्यात बुडवले की कठीण होते. मग त्याला पुन्हा मंद विस्तव दाखवावा लागतो."

"कठीण झाले ना? मग पुरे," राजा म्हणाला.

वीस वर्षांत जाणते लोहार गेले, आणि ती रीत कुणाच्याच हाती उरली नाही. मग, ज्या मांत्रिकाने ती रीत राज्याला दिली होती, तो आपले मौन संपवून डोंगर उतरला. त्याने बाजारात तुटलेल्या तलवारींची रास पाहिली आणि शाप दिला : "वाकायचे नाही ना? मग हलूही नका."

नगर जागच्या जागी गोठले. वेशीचे दार मिटले. त्याच्या कुलपाचे भोक नागमोडी होते, आणि वर कोरले होते : तीन किल्ल्या, चौथी नाही.

बाहेर एकटी भिवरा लोहारीण राहिली. ती कोळशासाठी रानात गेली होती. दाराच्या फटीतून तिला आपला भाता दिसे, ऐरण दिसे, आणि डोक्यावर घण उगारून उभा असलेला तिचा थोरला भाऊ रायबा दिसे. त्याची पापणी हलत नव्हती.

किल्ल्या घडवायला तिने आपल्या कोयत्याचे तीन तुकडे केले आणि वेशीबाहेर भट्टी पेटवली. एरवी तिने लहान हातोडीने टक केले, की रायबाचा घण नेमका तिथे पडायचा. आता ती टक करी आणि सवयीने थांबे. घण पडत नसे. मग तीच पुन्हा मारी.

पहिली किल्ली तिने तापवून राखेत हळूहळू निवू दिली. कुलपात किल्ली वाकली, ती वाकलेलीच राहिली.

दुसरी लालबुंद करून पाण्यात बुडवली. कुलपात तिचे काचेसारखे तुकडे झाले.

समोरच्या खांबावर एक नीलपंख पक्षी रोज बसे. भिवरा त्याला रोज खडा मारून हाकलून देई. आज खडा तिच्या हातातच राहिला. "काय चुकले रे?" तिने विचारले.

"विचारलेस एकदाची," पक्षी म्हणाला. "मला पोलादाच्या आतले दिसते. राखेत निवलेल्याचे कण ऐसपैस पसरलेले. पाण्यात बुडवलेल्याचे कण तुझ्या गावासारखे, धावता धावता गोठलेले. धक्का बसला की तडकतात. त्यांना ऊब दे. थोडीच."

"किती?"

"माझ्या पंखाएवढी."

भिवराने तिसरी किल्ली लालबुंद करून पाण्यात बुडवली, वाळूने घासून लखलखीत केली आणि मंद निखाऱ्यांवर धरली. किल्लीवर गवताचा पिवळा रंग चढला. तिचा हात उचलला गेला.

"अजून नाही, पोरी."

तपकिरी आला. जांभळा आला. थांबण्याइतके जड काम तिने आजवर केले नव्हते. मग पंखाचा निळा उमटला, आणि तिने किल्ली ओढली.

कुलपात किल्ली तीनदा वाकली, तीनदा सरळ झाली. दार उघडले.

आत सगळे तसेच उभे होते. भिवरा आपल्या भट्टीपाशी गेली. भाता न हलवता तिने रायबाच्या पायाशी निखारे पसरले आणि बसून राहिली. सावल्या लांबल्या. शेवटी तिने उठून ऐरणीवर हलकेच टक केले.

धाण!

"कोळसा आणायला एवढा वेळ?" रायबा म्हणाला. "आणि हे पायाशी काय पेटवलेस?"

भिवराने त्याच्या दंडाला हात लावला. तो कोमट होता.

घरोघर निखारे गेले. राजाला ऊब सर्वांत शेवटी लागली. त्याने बंदी उठवली आणि विचारले, "लोहारणी, काय हवे?"

"थांबायला वेळ, महाराज."

वेळ मिळाला. त्यानंतर त्या राज्यात तलवारी थोड्या झाल्या, पण तुटल्या नाहीत. आणि भिवराने टक केले, की घण पडे.