शेकोटीपाशी दोन हलग्या

फार मागे एका नदीच्या दोन काठांवर दोन कॉलेजं होती आणि दोन्हींकडं एकेक हलगी. फुटबॉलचा सामना असला, की दोघी समोरासमोर अशा कडाडायच्या, की गोल कुणी केला ते मागाहून कळायचं.

अलीकडची मोठी ठसकेबाज. "पलीकडची? फुटकं घमेलं नुसतं," असं ती चारचौघांत सांगायची.

एका सामन्याला दाट धुकं पडलं. अलीकडच्या पोरांनी घाईघाईत हलगी न शेकताच मैदानात आणली. सर्द कातड्यावर काठी पडली आणि आवाज आला ओल्या पोत्यासारखा. पलीकडची पोरं हसली. हलगीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात समोरच्या शेकोटीपासून पलीकडच्या हलगीनं हाक दिली, "अगं, कुडकुडत काय बसलीस? ये, शेकून घे."

"मी वाजले तर माझ्या पोरांना जोर चढेल. तुमची हरतील."

"हरू देत. तू गप्प राहिलीस, तर मी उत्तर कुणाला देऊ?"

अलीकडची लाजत जाळापाशी सरकली. मग दोघी अशा वाजल्या, की नदीपार ऐकू गेलं.

सामना अलीकडचं कॉलेज हरलं. पुढच्या सामन्याला मात्र अलीकडची हलगी सगळ्यांच्या आधी मैदानात हजर होती. शेजारी जाळ पेटलेला. धुक्यातून पलीकडची येताना दिसली, तशी ती म्हणाली,

"ये गं घमेल्या, तुझी जागा धरून ठेवलीय."