आहेराची पाकिटं

माझा भानूदादा जाऊन पंधरा दिवस झाले, तरी हे सांगताना मला हसूच येतं.

बार्शीच्या मंगल कार्यालयाबाहेर तो आहेराची पाकिटं विकायचा. आत पाचशेचं गिफ्ट कार्ड, वर चिकटवलेला रुपया. कार्डं क्रेडिट कार्डावर घ्यायचा आणि पाहुण्यांचे पैसे आले की बिल भरायचा. कार्डावरच्या खरेदीवर बँक बक्षिसाचे पॉइंट द्यायची; ते साठवून त्याला आईला विमानात बसवायचं होतं.

एक दिवस बँकेत बोलावून मॅनेजर सबनीस आमच्यावर गरजले, "महिन्याला दोनशे गिफ्ट कार्डं? एवढा आहेर कोण करतं? पॉइंट लाटायला खोटे व्यवहार करतोस! खातं बंद, पॉइंट रद्द!"

मी टेबलावर हात आपटणार, तोच दादाने मला मागे ओढलं.

"साहेब, परवा तुमच्या मुलीच्या लग्नात माझी साठ पाकिटं खपली. व्यवहार खोटा, तर ते पाहुणेही खोटेच. तो आहेर परत करा, मी आत्ता खातं बंद करतो."

साहेबांनी तावातावाने घरी फोन लावला आणि बायकोला आहेराची कार्डं घेऊन यायला सांगितलं. काकूंचा आवाज अख्ख्या बँकेने ऐकला, "कसली कार्डं? त्यांची मी कालच पैठणी घेतली!"

दिवाळीत आई विमानात बसली.