सटवाजीची शिडी

फार वर्षांपूर्वी काळगव्हाणात सटवाजी नावाचा गवंडी होता. गावातली दगडी घरं त्याच्या नाहीतर त्याच्या बापाच्या हातची. वर मातीचं माळवद. ते गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात मातीचा नवा थर द्यायचा, पण जुना कोणी काढायचा नाही. वाडवडिलांच्या हातची माती खाली कशी टाकायची? होता होता थर कमरेएवढा झाला, आणि गाव त्याचीच फुशारकी मारू लागलं. सटवाजीही मारायचा.

एका उन्हाळ्यात जमीन गुरगुरू लागली. कोणी म्हणे शेषानं फणा हलवला, कोणी म्हणे देवी कोपली. सटवाजीनं कोरड्या विहिरीत उतरून कातळाला कान लावला. असं म्हणतात, तीन दिवस तो वर आला नाही. आला तेव्हा डोकं पांढरंशुभ्र झालं होतं.

"देवी कोपली न्हाई," तो म्हणाला. "खाली खडकाला खडक रेटतोय. एक दिवस सुटंल. भुई कुणाला मारायची न्हाई, मी तुमच्या डोक्यावर ठेवलेली माती मारंल."

लोकांनी त्याला वेड्यात काढलं. त्याला घोर लागला तो लेकीचा, गोजरचा. ती गावातच दिलेली, आणि सगळ्यांत जाड माळवद तिच्याच सासरी होतं. त्यानं व्याह्यांचे पाय धरले. पाऊस तोंडावर आलाय, असं म्हणून व्याह्यांनी त्याला वाटेला लावलं.

मग तो न विचारताच शिडी लावून चढला आणि माती खाली लोटू लागला. व्याही काठी घेऊन अंगणात आले. स्वयंपाकघरावरची माती निघाली, आणि भरदुपारी भुई हलली.

चार श्वासांचा खेळ. धूळ बसली तेव्हा गाव नव्हतं. उघड्यावर होते तेवढेच वाचले. गोजरची सासू पुढच्या खोलीत होती. तिथली माती काढायची राहिली होती.

गोजर स्वयंपाकघरात दगडांत अडकलेली, वरची तुळई निसटत होती. सटवाजी माळवदावरून उतरून आत शिरला आणि त्यानं तुळईला खांदा दिला. असं म्हणतात, दिवस मावळेस्तोवर त्यानं ती पेलली. व्याह्यांनी एकेक दगड काढून सुनेला बाहेर ओढलं आणि हात जोडले, "इवाई, आता तुम्ही निघा."

"बसवली म्या," सटवाजी म्हणाला, "धरायचीबी म्याच." तुळई त्याच्यासकट खाली आली.

आता तिथं घरांवर पत्रे आहेत, माती कुठंच नाही. तरी पावसाआधी एक दिवस बाप लेकीच्या सासरी जातो, वर चढतो आणि माती वाहायची पाटी रिकामीच खाली उतरवतो. शिडी मात्र व्याह्यानंच धरायची असते.