वाळूच्या वारुळांना कुंकू

फार जुनी गोष्ट आहे, मुलांनो. आणि मुलांच्या आजोबांनो, तुम्हीही ऐका, तुमच्यासाठीच जास्त आहे.

एक नदी समुद्राला मिळायची, तिथे एक गाव होतं. नदीने वाट बदलली, तिचं जुनं पात्र वाळूने भरलं, आणि गावच्या म्हाताऱ्यांना ती फुकटची सपाट जागा दिसली. जमीन पारखायची त्यांची रीत अशी: भर उन्हाळ्यात गावच्या खोताने टाच आपटायची. रुतली नाही, की जागा पक्की. खोताने टाच आपटली. रुतली नाही. झालं! चिऱ्याची जड घरं उभी राहिली.

येसू ही खोताची सून, कडेवर तान्हं लेकरू. नव्या घरात त्याचा पाळणा टांगायचा होता, पण खाली वाळू आहे म्हणून तिचा हात दोरीला लागेना.

एका सकाळी जमीन जराशी हलली. भांडी किणकिणली, एवढंच. पण अंगणात राखाडी वाळूची इवली वारुळं उगवली. प्रत्येकाच्या माथ्यावर भोक, आणि भोकातून गार पाणी बुडबुडत होतं, खाली कुणीतरी श्वास घेत असल्यासारखं. धान्यासाठी परसात पुरलेला रिकामा रांजण वीतभर वर आला होता. कुणीही ओढला नव्हता.

सासूने वारुळांना हळदकुंकू वाहिलं. "नदीमाय पावली गो!"

येसूने अशी वारुळं माहेरी पाहिली होती. तिने टोपात ओली वाळू दाबून भरली, वर वरवंटा उभा केला आणि टोपाला कडेने बुक्क्या मारल्या. वाळूवर पाणी चढलं. वरवंटा कलंडला, मग आत गेला.

"मामंजी, घराखाली हेच आहे. माझं अर्धं माहेर असंच वाळूत गेलं. कातळावर राहायला जाऊ."

म्हातारे खो खो हसले. "कालची पोर आम्हाला जमीन शिकवते! आमचे केस काय उन्हाने पिकले?"

"केस पिकले म्हणून वाळूचा दगड होत नाही," येसू म्हणाली.

"मग जा! परत उंबरा ओलांडू नकोस," खोत गरजला.

तिने लेकरू उचललं आणि कातळावर झोपडी घातली. नवरा आणि आणखी चार-दोन माणसं मागोमाग गेली.

पुढे एका भर दुपारी जमीन खरी हलली. घरं कोसळली नाहीत. चिखलात म्हशी बसाव्यात तशी सावकाश खाली बसली. पुरलेले रांजण मात्र एकामागून एक वर आले, आ वासून.

येसू धावत खाली आली. हलायचं थांबलं होतं, आणि पातळ झालेली वाळू पुन्हा आवळली होती. अंगणात म्हातारे कमरेपर्यंत गाडलेले, उभेच्या उभे, जिवंत. आणि खाडीला भरती लागली होती.

"येसू, आता काय करू गो?" सासऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा तिला काही विचारलं.

येसू गुडघे टेकून वाळू उकरू लागली. कातळावरची सगळी माणसंही हातांनी उकरत होती. सासू वाळूतून बाहेर निघाली. आणखी दोघे निघाले. खोताच्या छातीला पाणी लागलं, मग हनुवटीला. तरी येसू उकरत राहिली. मग पाण्यावर फक्त त्याचं पागोटं राहिलं.

तात्पर्य: धोक्याची खूण दिसली की ती पुजू नका, तपासा, मग ती दाखवणारं माणूस वयाने कितीही लहान असो.